प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (जन्म : सातारा, १६ मार्च १९०१, मृत्यू : मुंबई, १२ जून १९८१) हे भारताचे सातवे सरन्यायाधीश, कायदेपंडित आणि संस्कृतचे जाणकार होते. १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ या काळात ते सरन्यायाधीशपदी होते. त्यापूर्वी सुमारे बारा वर्षे ते मुंबई उच्च न्यायालयात आणि सात वर्षे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. राज्यघटना लागू झाल्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात एखादा कायदा, नियम वा शासकीय आदेश घटनेशी सुसंगत आहे की नाही हे न्यायालयांनी कसे ठरवावे, याविषयीचे अनेक पायाभूत निकाल त्यांनी लिहिले. व्यक्तिगत कायदे, आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा, धर्मस्वातंत्र्य, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि घटनादुरुस्ती या विषयांवरील त्यांच्या निकालांची चर्चा आजही न्यायालयांत होते.

जन्म आणि शिक्षण

गजेंद्रगडकर घराणे मूळचे तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील (आता गदग जिल्हा, कर्नाटक) गजेंद्रगडचे. हे माध्व संप्रदायी वैदिक पंडितांचे घराणे पुढे साताऱ्यास येऊन स्थायिक झाले. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान व शिक्षक होते. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. घरातील या वातावरणामुळे प्रल्हाद यांचा धर्मशास्त्र, मीमांसा आणि उपनिषदे यांच्याशी लहानपणीच परिचय झाला. पुढे हिंदू कायद्याचा अर्थ लावताना या अभ्यासाचा त्यांना मोठा उपयोग झाला.

त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. १९१८ ते १९२० ही दोन वर्षे धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात काढून ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले व १९२४ मध्ये एम.ए. झाले. पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९२६ मध्ये त्यांनी एल्एल.बी. ही पदवी सन्मानासह मिळवली.

वकिली

१९२६ मध्ये गजेंद्रगडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिलीस प्रारंभ केला. जिल्हा न्यायालयांकडून येणारी अपिले या शाखेत चालत. वतने, दत्तकविधाने, वाटण्या, देवस्थाने यांसंबंधीचे खटले तेथे मोठ्या संख्येने येत असत. हिंदू कायद्यातील अधिकारी वकील म्हणून त्यांनी लवकरच नाव मिळवले. हिंदू कायद्याला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे त्यांनी संपादन केले, तसेच नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

मुंबई उच्च न्यायालयातील कारकीर्द

१९४५ मध्ये त्यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नियुक्ती झाली. ते या पदावर असतानाच २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. घटनेच्या तेराव्या अनुच्छेदानुसार, घटनेपूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांशी जितके विसंगत असतील तितके निरर्थक ठरतात आणि राज्यसंस्थेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारा नवा कायदा करता येत नाही. त्यामुळे देशभरातील उच्च न्यायालयांपुढे जुन्या-नव्या कायद्यांना आव्हान देणारी प्रकरणे येऊ लागली.

नरसू अप्पा माळी खटला (१९५१)

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला होता. पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करणे या कायद्याने गुन्हा ठरवले. हा कायदा केवळ हिंदूंना लागू असून मुस्लिम पुरुषास मात्र एकाहून अधिक विवाह करता येतात, त्यामुळे तो समतेच्या हक्काचा भंग करतो आणि धर्माच्या आधारावर भेद करतो, असा आक्षेप आरोपींच्या वतीने घेण्यात आला. पुत्रप्राप्तीसाठी दुसरा विवाह हा धर्माचा भाग असल्याचाही दावा होता.

मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला व गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. दोघांनी आपापली स्वतंत्र कारणे दिली. गजेंद्रगडकर यांच्या निकालपत्रात दोन मुद्दे होते. पहिला असा की, सामाजिक सुधारणा एकाच वेळी सर्व समाजांत घडवून आणण्याचे बंधन राज्यावर नाही. एखाद्या समाजाची तयारी पाहून राज्य टप्प्याटप्प्याने कायदे करू शकते, आणि अशा वर्गीकरणाने समतेचा भंग होत नाही. दुसरा मुद्दा अधिक दूरगामी होता. तेराव्या अनुच्छेदातील ‘अमलात असलेले कायदे’ या संज्ञेत विधिमंडळाने वा अन्य सक्षम अधिकाऱ्याने केलेले कायदे येतात. धर्मग्रंथांतून व परंपरेतून आलेले हिंदूंचे वा मुस्लिमांचे व्यक्तिगत कायदे त्यात येत नाहीत. समान नागरी कायद्याविषयीचा ४४वा अनुच्छेद घटनेत असणे याचाच अर्थ असा की, व्यक्तिगत कायद्यांतील सुधारणा घटनाकारांनी विधिमंडळांवर सोपवली आहे, असे त्यांनी प्रतिपादले.

या निकालाचे परिणाम दुहेरी झाले. एकीकडे सामाजिक सुधारणेचा एक महत्त्वाचा कायदा टिकला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्वाचे तत्त्व देशभर लागू झाले. दुसरीकडे, संहिताबद्ध न झालेले व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून दूर राहिले. त्यामुळे विवाह, तलाक, वारसा या बाबतींत विषमतेची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांचा न्यायालयीन मार्ग अवघड झाला, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली आहे. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी नरसू अप्पा माळी खटल्यातील तर्काशी स्पष्ट असहमती नोंदवली.

सर्वोच्च न्यायालयातील कारकीर्द

जानेवारी १९५७ मध्ये गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथील नऊ वर्षांत त्यांनी औद्योगिक कायदा आणि घटनात्मक कायदा या दोन क्षेत्रांत विपुल निकाल लिहिले. बोनस, किमान वेतन व जीवनवेतन यांविषयीच्या त्यांच्या निकालांमुळे भारतीय औद्योगिक न्यायनिर्णयनाच्या शिल्पकारांमध्ये त्यांची गणना होते. कामगाराला किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगास चालू राहण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व त्यांनी क्राउन अ‍ॅल्युमिनियम वर्क्स खटल्यात मांडले.

आरक्षण आणि बालाजी खटला (१९६२)

तत्कालीन म्हैसूर राज्याने ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या. त्यांपैकी २८ टक्के मागासवर्गांसाठी, २२ टक्के अधिक मागासवर्गांसाठी, १५ टक्के अनुसूचित जातींसाठी आणि ३ टक्के अनुसूचित जमातींसाठी होत्या. प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांनी या आदेशास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या वतीने गजेंद्रगडकर यांनी २८ सप्टेंबर १९६२ रोजी निकाल दिला. १५(४) या अनुच्छेदाने राज्याला विशेष तरतुदीची मुभा दिली आहे; परंतु ती मुख्य नियमाला दिलेली सवलत आहे, तिने मुख्य नियमच गिळून टाकता कामा नये, असे न्यायालयाने मानले. मागासलेपण हे सामाजिक आणि शैक्षणिक असे दोन्ही असले पाहिजे. जात ही त्यातील एक विचारार्ह बाब आहे, मात्र तीच एकमेव वा वरचढ कसोटी होऊ शकत नाही. दारिद्र्य, व्यवसाय, वस्तीचे ठिकाण यांचाही विचार व्हावा. राखीव जागांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांहून कमी असावे. नेमके किती, हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. म्हैसूरचा आदेश अधिकाराच्या वेशात केलेली घटनेची वंचना ठरवून रद्द करण्यात आला.

अधिकार आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कोणत्या मर्यादेत वापरला गेला हे पाहणे, ही न्यायालयीन तपासणीची रीत या निकालाने दृढ केली. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बालाजी निकालातील काही भाग मागे टाकला. जातीवरून मागासवर्ग निश्चित करता येतो आणि मागास व अधिक मागास असे उपवर्गीकरणही करता येते, असे त्या पीठाने ठरवले. मात्र अपवादात्मक परिस्थिती वगळता ५० टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली. महाराष्ट्रातील मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, तो याच मर्यादेच्या आधारे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाबाबत मात्र ही मर्यादा आड येत नाही, असा बहुमताचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला.

धर्मस्वातंत्र्यविषयक निकाल

अजमेरच्या दर्ग्याच्या व्यवस्थापनासंबंधीचा १९५५ चा कायदा (१९६१) आणि राजस्थानातील नाथद्वारा मंदिराच्या व्यवस्थापनाचा १९५९ चा कायदा (१९६३) यांच्या वैधतेचे प्रश्न गजेंद्रगडकर यांच्यापुढे आले. धर्माचा आवश्यक व अविभाज्य भाग असलेल्या आचारालाच घटनेचे संरक्षण मिळते. केवळ अंधश्रद्धेतून उद्भवून धर्माला चिकटलेल्या रूढींना आणि संपत्तीच्या व्यवस्थापनासारख्या ऐहिक बाबींना ते मिळत नाही, अशी मांडणी त्यांनी केली. नाथद्वारा खटल्यात काही तरतुदींचे आक्षेपार्ह भाग रद्द करून उर्वरित कायदा वैध ठरवण्यात आला. कायद्याचा सदोष भाग वेगळा काढता येत असेल तर संपूर्ण कायदा मोडीत काढू नये, या तत्त्वाचे हे उदाहरण होय.

१४ जानेवारी १९६६ चा स्वामिनारायण पंथाचा निकाल या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा आपल्या मंदिरांना लागू होत नाही, कारण आपला पंथ हिंदू धर्माहून निराळा आहे, असा सत्संगी अनुयायांचा दावा होता. अहमदाबादेत १९४८ साली सुरू झालेला हा वाद अठरा वर्षांनी निकाली निघाला. गजेंद्रगडकर यांनी वेद, दर्शने, संतपरंपरा यांचा विस्तृत परामर्श घेतला, लोकमान्य टिळकांनी केलेल्या हिंदू धर्माच्या व्याख्येचा आधार घेतला आणि स्वामिनारायण पंथ हिंदू धर्मातच मोडतो असा निष्कर्ष काढला. त्यामुळे मंदिरे सर्वांना खुली करणारा कायदा त्या मंदिरांनाही लागू झाला. धर्मातील आवश्यक काय हे न्यायाधीशांनी ठरवावे काय, असा प्रश्न या निकालांच्या टीकाकारांनी उपस्थित केला आहे.

न्यायालयाच्या नियमाची तपासणी

१९६२ च्या प्रेमचंद गर्ग खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने केलेला नियमच वादाचा विषय होता. मूलभूत हक्कांसाठी ३२व्या अनुच्छेदाखाली अर्ज करणाऱ्याकडून खर्चाच्या हमीपोटी २,५०० रुपये अनामत मागण्यात आली होती. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहून तसा नियम, अनामत मागण्याची मुभा देण्यापुरता, अवैध ठरवला. न्यायालयात दाद मागणे हाच मूलभूत हक्क असल्याने त्याच्या वाटेत पैशाची अट घालता येत नाही, हा त्यामागील विचार होता.

आणीबाणी आणि स्थानबद्धता

चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये आणीबाणी घोषित झाली आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार निलंबित झाला. १९६३ च्या माखनसिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठातर्फे बहुमताचा निकाल गजेंद्रगडकर यांनी दिला. निलंबित हक्कांच्या आधारे स्थानबद्धतेला आव्हान देता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु आदेश दुष्ट हेतूने काढला असेल किंवा कायद्यातील अटींचे पालन झाले नसेल, तर न्यायालयाचे दार उघडे राहील, असेही त्यांनी स्पष्ट केले. ही मोकळीक केवळ कागदावर राहिली नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये केरळमधील रॉकेलचे घाऊक व्यापारी जी. सदानंदन यांची स्थानबद्धता त्यांच्या पीठाने याच कारणास्तव रद्द केली.

केशवसिंह प्रकरण (१९६४)

सरन्यायाधीशपदाची सूत्रे घेतल्यानंतर दोन महिने होण्याच्या आतच गजेंद्रगडकर यांच्यापुढे देशातील सर्वांत नाजूक घटनात्मक पेच आला. गोरखपूरच्या केशवसिंह यांना सभागृहाच्या अवमानाबद्दल उत्तर प्रदेश विधानसभेने १४ मार्च १९६४ रोजी सात दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. १९ मार्चला वकील बी. सॉलोमन यांनी त्यांच्या वतीने अर्ज केला व अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठातील न्यायमूर्ती नसिरुल्ला बेग आणि न्यायमूर्ती जी. डी. सहगल यांनी केशवसिंह यांची जामिनावर मुक्तता केली. त्यावर २१ मार्च रोजी विधानसभेने केशवसिंह, त्यांचे वकील आणि दोन्ही न्यायाधीश यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभे करावे, असा ठराव केला. २३ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. न्यायसंस्था आणि विधिमंडळ असे समोरासमोर उभे ठाकल्यावर राष्ट्रपतींनी २६ मार्च रोजी हा प्रश्न सल्ल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला.

सात न्यायाधीशांपुढे झालेल्या सुनावणीत विधानसभेची बाजू एच. एम. सीरवाई यांनी, तर न्यायाधीशांची बाजू एम. सी. सेटलवाड यांनी मांडली. ३० सप्टेंबर १९६४ रोजी गजेंद्रगडकर यांनी बहुमताचे मत दिले. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे. भारतात मात्र विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था या तिन्ही लिखित घटनेच्या अंकित आहेत. ब्रिटिश कॉमन्स सभेचे विशेषाधिकार घटनेने भारतीय विधिमंडळांना दिले असले, तरी ते कोठवर पोहोचतात हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. सभागृहाने कैद केलेल्या नागरिकाचा अर्ज ऐकून घेतल्याने न्यायाधीशांनी अवमान केला असे होत नाही, आणि त्यांना सभागृहापुढे हजर करण्याचा अधिकार विधानसभेला नाही. न्यायमूर्ती ए. के. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. पुढे १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने केशवसिंह यांचा अर्ज गुणवत्तेवर फेटाळला. न्यायाधीशांवरील संकट टळले आणि सभागृहाने दिलेली शिक्षाही टिकली.

घटनादुरुस्ती आणि सज्जनसिंह खटला (१९६४)

केशवसिंह प्रकरणातील मतानंतर अवघ्या महिन्याने, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, सज्जनसिंह खटल्याचा निकाल लागला. सतराव्या घटनादुरुस्तीने जमीनसुधारणेचे ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घालून त्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण दिले होते. गजेंद्रगडकर यांनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही दुरुस्ती वैध ठरवली. घटनादुरुस्ती हा तेराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘कायदा’ नव्हे, त्यामुळे संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते, हे १९५१ च्या शंकरीप्रसाद निकालातील तत्त्व त्यांनी उचलून धरले. न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला आणि न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी शंका व्यक्त केल्या. घटनेची मूलभूत वैशिष्ट्ये बदलणे ही दुरुस्ती म्हणता येईल काय, हा मुधोळकर यांचा प्रश्न पुढे विशेष महत्त्वाचा ठरला.

१९६७ च्या गोलकनाथ निकालाने गजेंद्रगडकर यांचे मत नाकारले. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने गोलकनाथ निकाल रद्द करून मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा मान्य केला, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही अशी मर्यादा घातली. अशा रीतीने सज्जनसिंह खटल्यातील बहुमत आणि मुधोळकर यांची शंका, या दोहोंचा अंश आजच्या कायद्यात आढळतो.

मिरजकर खटला (१९६६)

मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध चाललेल्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी दिला. पुणे जिल्ह्यातील सासवडचे तारकुंडे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अग्रणी म्हणून ओळखले गेले. पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर व इतरांनी या आदेशामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याची तक्रार केली. नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा बहुमताचा निकाल गजेंद्रगडकर यांनी निवृत्तीपूर्वी बारा दिवस, ३ मार्च १९६६ रोजी दिला. सक्षम न्यायालयाने वाद सोडवताना दिलेला न्यायिक आदेश मूलभूत हक्काचा भंग करतो असे म्हणता येत नाही; आदेश चुकीचा असल्यास उपाय अपिलाचा आहे, असे ठरले. एकटे हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिले. सरकारच्या आदेशाला जी कसोटी लागते ती न्यायालयाच्या आदेशाला का लागू नये, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे.

निवृत्तीनंतरचे कार्य

१५ मार्च १९६६ रोजी गजेंद्रगडकर निवृत्त झाले. १९६६ ते १९७१ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे ते अध्यक्ष होते. या आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये सादर झाला. जम्मू-काश्मीरमधील प्रादेशिक असमतोलाची चौकशी करणाऱ्या आयोगाचेही (१९६७-६८) ते प्रमुख होते. १९७१ ते १९७७ दरम्यान सहाव्या व सातव्या विधी आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. दिवाणी प्रक्रिया संहितेतील सुधारणांविषयीचा ५४वा अहवाल याच काळातील आहे. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्काराने गौरवण्यात आले.

ग्रंथलेखन

कायदा, स्वातंत्र्य व सामाजिक न्याय, भारतीय संघराज्य, धर्मनिरपेक्षता आणि राज्यघटना, संसद आणि मूलभूत हक्क या विषयांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले. जवाहरलाल नेहरू यांच्यावरही त्यांचे एक छोटे पुस्तक आहे. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

गजेंद्रगडकर यांच्या निकालांत दोन प्रवृत्ती सातत्याने दिसतात. सामाजिक सुधारणेचा वा जमीनसुधारणेचा कायदा असेल, तर तो वैध असल्याचे गृहीत धरून विधिमंडळाला वाव देण्याकडे त्यांचा कल होता. द्विभार्या प्रतिबंध, मंदिरप्रवेश आणि सतरावी घटनादुरुस्ती यांविषयीचे निकाल या प्रकारचे आहेत. मात्र नागरिकाला न्यायालयापर्यंत पोहोचू न देणारा अडसर आढळला, की तो विधानसभेने उभा केलेला असो वा सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या नियमाने, त्यांनी तो दूर केला. मिरजकर निकाल या दुसऱ्या प्रवृत्तीला अपवाद मानला जातो. त्यांच्या काही निष्कर्षांना पुढील पीठांनी मुरड घातली, तर काही प्रश्नांवर अद्याप अंतिम निर्णय झालेला नाही. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कक्षेत येतात काय आणि आरक्षणाची मर्यादा किती असावी, या दोन्ही वादांचा आरंभबिंदू त्यांचीच निकालपत्रे आहेत.